नगरच्या गच्च्यांवर पौषातलं ऊन

नगरला कुणी फिरायला जात नाही, असं नगरचीच माणसं सांगतात. शिर्डीला जाणारे नगरवरून जातात, शनिशिंगणापूरला जाणारेही नगरवरूनच जातात, स्टँडवर चहा पितात आणि पुढे निघतात. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे. कंडक्टरने तिकीट देताना तेच नाव घेतलं आणि गाडी स्टँडात शिरल्यावर ‘चला, नगर, नगर’ असा पुकारा केला. मी उतरले तेव्हा मे महिना अर्धा सरला होता, दुपारचा एक वाजला होता, आणि मी तिथे पाहायला आले होते लोकांच्या गच्च्या.

हे ऐकून दापोलीतल्या माझ्या घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. मी घरांचे नकाशे काढते. माझी मैत्रीण मंदा लग्नानंतर नगरला गेली, तिथल्याच शाळेतून निवृत्त झाली आणि एका छोट्या संस्थेच्या कामात पडली. साध्या घरांच्या गच्चीवर सोलर बसवायचं म्हटलं, तर कुठल्या घराला किती ऊन मिळतं, वर्षभर मिळतं की नुसतं उन्हाळ्यात, याची गल्लीवार वही त्यांना करायची होती. आठ दिवस येऊन गच्च्या मोजून दे, असं तिने सांगितलं. मी आढेवेढे घेतले नाहीत, कारण मला मनातून ऊन बघायचं होतं.

आमच्याकडे ऊन सरळ येतच नाही. सुपारीच्या बागेतून गाळून येतं, माडाच्या झावळ्यांतून तुकड्यातुकड्यांनी येतं आणि पावसाचे चार महिने तर तोंडही दाखवत नाही. छपरं उतरती, कौलांवर शेवाळ. छपरावर माणूस चढतो तो वर्षातून एकदा, कौलं शाकारायला, आणि तेही खाली शिडी धरणाऱ्याला शिव्या देत. छप्पर ही राहायची जागा असू शकते, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

सावेडी

पहिल्याच पहाटे सावेडीतल्या मंदाच्या गच्चीवर गेले. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं नुकतीच उठत होती. कुणी गादीची वळकटी करत होतं, कुणी तुळशीला पाणी घालत होतं, एक आजोबा कठड्यावर वर्तमानपत्र पसरून उभ्या उभ्या वाचत होते. दोन बायका मधला अख्खा रस्ता ओलांडून एकमेकींशी हळू आवाजात बोलत होत्या आणि दोघींना नीट ऐकू येत होतं. खालचं शहर अजून झोपलेलं आणि त्याच्यावर एक मजला उंच दुसरं शहर जागं झालेलं. मी कठड्याला टेकून बसले ती बसूनच राहिले. पूर्वेच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल काळा उभा होता. त्याच्या खांद्यावरून ऊन निघालं, आधी उंच इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्यांना लागलं, मग कठड्यांना, मग सगळ्या गच्च्या एकदमच पिवळ्या झाल्या.

मंदा चहा घेऊन वर आली तेव्हा मी टेप, होकायंत्र, वही सगळं बाजूला ठेवून नुसती बघत होते. आठ दिवस असंच बघत बसणार असशील तर गावाकडून पोतं आण आणि भरून ने, असं ती म्हणाली. चेष्टा खरी होती. माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. एवढं ऊन रोज येतं, सिमेंटवर पडतं, संध्याकाळी निघून जातं. उघड्या नळाखाली भांडं नसावं तसं वाटत होतं.

दुपारी मात्र उन्हाने हिसका दाखवला. आमच्याकडे मी घरात-दारात अनवाणी हिंडते, त्या सवयीने चपला जिन्यात सोडून गच्चीच्या मधोमध गेले. परत येताना जे नाचले ते समोरच्या आजोबांनी पेपर खाली करून पाहिलं. मंदाने तळपायांना तूप लावलं आणि जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही वाढलं. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणून आमच्याकडे कुणी शिवणार नाही. इथे कशी चालते म्हणून विचारलं तर मंदा म्हणाली, वरून उष्ण, खालून उष्ण, मधल्या भाकरीने काय बिघडतंय.

दुसऱ्या दिवशी भर मध्यान्ही आणखी एक गंमत झाली. मी गच्चीवर बादली ठेवली होती तिची सावली बारीक होत होत बादलीच्या बुडाखाली गेली. अँटेनाच्या खांबाला सावली नाही, टाकीला नाही, मलाही नाही. सूर्य बरोबर डोक्यावर आलेला होता. वर्षातून दोनदा असे दिवस येतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्याच पायांभोवती जमीन अशी कोरी पाहिली की माणूस थोडा हलका होतो. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस मी जी गच्ची मोजली तिच्यापुढे वहीत लिहीत गेले, ‘सावली नाही.’

एवढी वर्षं नकाशे काढणारी बाई मी. ज्या आठवड्यात मध्यान्ही सावल्याच नसतात त्याच आठवड्यात सावल्या मोजत हिंडत होते, आणि खूश होते.

माळीवाडा

सरूबाईंची गाठ पडली ती माळीवाड्यातल्या एका गल्लीत. घर एकमजली, चिरेबंदी जोत्याचं, वर सपाट गच्ची. जिना चढून डोकं वर काढलं तर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या गच्चीवर जुनी धोतरं आणि लुगडी अंथरलेली आणि त्यांवर ओल्या कुरडयांच्या रांगा. मधोमध सत्तरीच्या सरूबाई सोऱ्या फिरवत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी मला बाजूने यायला सांगितलं, मी आले तशी एका वाटीत गव्हाचा गरम चीक घालून हातात दिला, त्यावर मीठ आणि तेल. कोण, कुठली, हे सगळं त्यानंतर विचारलं. आमच्याकडे आधी नाव-गाव विचारतात आणि मग पाणी देतात. मला ही रीत आवडली.

सरूबाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्याच कर्जतकडच्या. या गल्लीत चाळीस वर्षं झाली. मुलगा पुण्याला कारखान्यात. खाली त्यांचे यजमान होते, त्यांना सगळी गल्ली दादा म्हणते. दादा गवंडी होते. दगडाची आणि सिमेंटची धूळ जन्मभर नाकातोंडात गेली, त्याने फुप्फुसं गेली. आता दिवसातला बराचसा वेळ नाकाला नळी लावून पडलेले असतात. कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे. ते विजेवर चालतं, हवा ओढतं आणि घरघरत राहतं. जिना चढणं वर्षापूर्वीच बंद झालं होतं.

सोलरची गोष्ट मुलाने काढली होती. सरकारी योजनेतून प्लेटा बसवून घेऊ म्हणून त्याने कुणाकडून तरी कागद करून आणला होता, आणि गच्ची चालण्यासारखी आहे का हे मी सांगायचं होतं. सरूबाईंचं म्हणणं त्यांनी सोऱ्या थांबवून सांगितलं. तेवढ्यापुरता त्यांचा हात थांबला.

“लाईट गेली का मशीन बंद. मशीन बंद झालं का ह्यांचा जीव घाबरा हुतो. मंग मी हितून पळत खाली जायचं आन् सिलिंडर लावायचा. एक दिवस माझा पाय घसरला तर? प्लेटा बसल्या का लाईट गेली तरी मशीन चालंल. व्हय ना?”

मी आकाशाकडे पाहिलं. ढगाचा एक तुकडा नव्हता. एवढ्या उन्हात काय चालणार नाही, असं वाटून मी मान हलवली. कागद उघडून वाचला नाही. त्याची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात.

शनिवार

शनिवारी पुन्हा गेले. त्या भागात दुरुस्तीसाठी कधी कधी शनिवारी दुपारी लाईट जाते. मी दादांपाशी बसून त्यांच्याशी दगडाच्या जोत्याबद्दल बोलत होते. ते दोन शब्द बोलून थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा दोन शब्द. एवढ्यात पंखा थांबला, मशीनने एक लांब शिट्टी दिली आणि खोली एकदम गप्प झाली. वरून पावलं धावत आली. सरूबाईंनी ओल्या हातानेच नळी काढली, कोपऱ्यातल्या छोट्या सिलिंडरची नळी लावली, चावी फिरवली. तेवढ्या वेळात दादांचे ओठ निळसर झाले होते आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग हळूहळू पकड सैल झाली. सिलिंडर दोन-अडीच तास पुरतो, असं सरूबाई म्हणाल्या, आणि पदराने त्यांना वारा घालू लागल्या.

मी जरा वेळाने दारात आले. समोरच्या घराच्या गच्चीवर प्लेटा चकाकत होत्या, चांगल्या सहा. आणि त्याच घराच्या ओट्यावर त्या घरची बाई पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. मला काही कळेना. तुमचा पंखा बंद का, म्हणून विचारलं, तर तिने मलाच वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. “लाईन गेली का हे बी बंद पडतं, ताई. खांबावर वायरमन आसतो. आपली वीज तारंत गेली तर त्याला शॉक बसंल ना.”

मी परत येऊन मुलाने आणलेला कागद उघडला. तीच लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली योजना. बिल कमी करायला ती उत्तम, त्यात खोट काढायला जागा नाही. पण लाईट गेली की ज्या घटकेला या घराला वीज हवी, नेमकी त्याच घटकेला ती गप्प होणार. डोक्यावर सूर्य आणि खाली सिलिंडर. सरूबाईंना मी हे सांगितलं. कुरडया उलटायच्या राहिल्यात म्हणून वर गेल्या आणि मीही मागोमाग गेले, कारण दादांसमोर थांबायची मला लाज वाटत होती.

वर मी त्यांना उपाय सांगितला. मशीनपुरतं वेगळं सोलर, बॅटरीचं. चार प्लेटा बास. फक्त त्यांना बाराही महिने ऊन लागलं पाहिजे, कारण थंडीत दादांचा त्रास वाढतो. जागेची चिंता नको, तुमच्या गच्चीवर सावलीच नाही, असं म्हणून मी त्यांना माझी वही दाखवली.

सरूबाईंनी वहीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. “आता न्हाई सावली. पौषात या.”

खाली जाऊन त्या रांगोळीचा डबा घेऊन आल्या. दक्षिणेला शेजारची तीन मजली इमारत आहे, तिच्यावर टाकी. सरूबाईंनी धोतरं गोळा करून कडेला सारली आणि चिमटीतून रांगोळी सोडत एक रेघ ओढली, कठड्यापासून चार पावलांवर. “ही कार्तिकाची. हितवर सावली येती. आवळा ह्याच्या अलीकडं वाळत न्हाई.” मग पुढे सरकून दुसरी. “ही मार्गशीर्षाची.” मग गच्चीच्या जवळजवळ पल्याड तिसरी. “ही पौषाची. बोरं ह्या रेघंच्या आत घातली तर बुरशी धरत्यात.” माघाची मागे आली, फाल्गुनाची आणखी मागे. पश्चिमेकडच्या कडुलिंबाची सावली त्यांनी वेगळी काढली, वाकडीतिकडी, दुपारनंतर कुठून कुठवर फिरते ती. कुठेही थांबून आठवावं लागलं नाही. चाळीस वर्षं मिरच्या, मेथी, शेवया, बोरं या उन्हातून त्या उन्हात सरकवत त्यांनी ही गच्ची पाठ केली होती.

मी कठड्यावर बसून बघत होते. पांढऱ्या रेघांच्या मधोमध ती बाई वाकून चालत होती आणि भर मे महिन्याच्या झळांत मला खरोखरच पौषातली गार सावली दिसू लागली, टाकीची चौकोनी सावली हळूहळू गच्चीवर चढताना. शेजारच्या इमारतीची उंची मी मोजलीही नव्हती. सावली नाही तर मोजायची कशाला, अशी माझी अक्कल. त्या चार दिवसांतल्या सगळ्या गच्च्यांपुढचं ‘सावली नाही’ मी तिथे बसून खोडलं.

सगळ्या रेघांच्या बाहेर एकच तुकडा उरला होता, ईशान्येचा कोपरा. तिथे कठडा इतर ठिकाणांपेक्षा हातभर ठेंगणा होता आणि एक सपाट शहाबादी फरशी टाकलेली होती, बसून बसून गुळगुळीत झालेली. सरूबाई त्या फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या.

“चार बसत्यात का हितं?”

मी टेप लावला. चार बरोब्बर बसत होत्या. पाचवीला जागा नव्हती आणि त्यांच्या बसायलाही नव्हती. खात्री म्हणून जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर चढून तेही मोजलं. तिथे मोठ्या कष्टाने एक बसली असती. हे मी त्यांना सांगितलं.

“मंग हितंच,” त्या म्हणाल्या, आणि फरशी उचलायला वाकल्या. ती एकटीने उचलण्यासारखी नव्हती. मी हात लावला आणि आम्ही दोघींनी ती कठड्याला टेकवून ठेवली.

खाली

लाईट आली होती. मशीन पुन्हा घरघरत होतं. दादांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि वर काय ठरलं ते विचारलं. मी म्हटलं, जागा बघतोय. त्यांनी डोळे मिटले, श्वास गोळा केला.

“कोपरा सोडून बघा.”

ते थांबत थांबत बोलत गेले. थंडीत ती दुपारभर तिथं बसते. तिचे गुडघे धरलेत, त्या उन्हावरच ती चालते. गच्ची बांधताना सगळीकडचा कठडा कंबरेइतका घेतला, तिथला मुद्दाम ठेंगणा घेतला, सकाळचं ऊन तिला लवकर लागावं म्हणून. घरात जन्मभर राबली, तिच्या नावाची जागा म्हणाल तर तेवढीच. एवढं सांगून त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं.

“तो कोपरा जानार आसंल,” ते म्हणाले, “तर प्लेटा नको. माझा सिलिंडर बरा हाय.”

आवाज बारीक होता, पण गवंड्याचा शब्द होता तो. ते खरंच नको म्हणणार होते आणि त्यांच्यापुढे त्या घरात कुणाचं चालत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. वर ती, खाली हे, आणि दोघांच्या मध्ये टेप हातात घेऊन मी.

सरूबाई जिन्यात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या पायऱ्या उतरून आल्या, रांगोळीचा डबा फडताळात ठेवला आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

“कोपऱ्याला कोन हात लावतंय? जिन्याच्या खोलीवर बसवनार हायेत प्लेटा. ताईंनी मापं घेतली.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. “जिन्याच्या खोलीवर? चारी?”

मी इंचासाठी भांडणारी बाई आहे. दापोलीत चुकीच्या मापावर सही करत नाही म्हणून माझी दोन-तीन कामं गेली आहेत, आणि त्याचा मला गर्व आहे. सरूबाई वळल्या नव्हत्या. फडताळाची कडी त्यांनी हातात तशीच धरून ठेवली होती.

“चारी,” मी म्हणाले.

दादा छताकडे पाहत राहिले, जिना होता त्या बाजूला. गोधडीवर ठेवलेला त्यांचा हात हलला. अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी एक वीत धरली, सरकवली, आणखी एक धरली, आणि तिथेच हात थांबला. त्या खोलीच्या माथ्यावरचा स्लॅब त्यांनी स्वतः घातला होता. त्याचं माप जगात कुणाला माहीत असेल तर त्यांनाच. मी खोटं बोलले हे त्यांना कळलं, आणि ते कुणासाठी बोलले हेही कळलं. ते बराच वेळ सरूबाईंच्या पाठीकडे बघत होते.

“मंग लावा,” ते म्हणाले.

सरूबाईंनी कडी लावली आणि चहाला आधण ठेवलं.